शेडबाईंचा चहाचा प्रश्न

शेडबाई बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघतात. पहिल्या भेटीत मला वाटलं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे, आणि मी दोनदा वळून पाहिलं. नंतर कळलं की त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय आणि कडा तेवढ्या शिल्लक आहेत. "जिथे बघते ते सोडून बाकी सगळं दिसतं," असं त्या स्वतःच सांगतात. तुमचा चेहरा बघायचा तर त्यांना कानाकडे बघावं लागतं, पायरी बघायची तर भिंतीकडे.

नाव पडलं ते नोकरीवरून. एकतीस वर्षं त्या दोऱ्याच्या कारखान्यात शेड जुळवायच्या. कापडाचा तुकडा आला की तो खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून सांगायच्या, "यात पिवळा जरा जास्त झालाय, परत रंगवा." पांढऱ्याचे चाळीस प्रकार त्यांना तोंडपाठ होते. नवीन माणसाला वाटतं बाई कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, आणि आम्ही कोणी त्याला दुरुस्त करत नाही. साठी जवळ आली तसा डोळ्यांनी दगा दिला, नोकरी सुटली आणि बाई आमच्या संस्थेत आल्या. आधी मदत मागायला आल्या होत्या, मग मदत करायला राहिल्या.

संस्था म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या; वसतिगृह वेगळं, गावाबाहेर. नजर गेलेल्यांसाठी आणि जात चाललेल्यांसाठी जे काही करता येईल ते आम्ही तिथून करतो. एका खोलीत कपाट आहे. त्यात उंचीप्रमाणे लावलेल्या पांढऱ्या काठ्या, भिंगं, बोलणारी घड्याळं, शेगडीच्या बटणांवर चिकटवायचे रबरी ठिपके, आणि कपाच्या काठावर अडकवायचं एक यंत्र, जे चहा वरपर्यंत आला की बोंबलतं. दुसऱ्या खोलीत टेबल, कार्डांचा खोका आणि देणगीदारांनी पाठवलेले दोनशे काळे चष्मे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण आमच्याकडे कोणी काढली की बाई लगेच जोडतात, "आणि देणगीदार देतो गॉगल."

मी संस्थेची गाडी चालवते आणि बाईंची कार्डं लिहिते. स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण पुढे जे सांगणार आहे त्यात एका ठिकाणी मी मूग गिळून गप्प बसले. तापट माणूस नको तिथे गप्प बसला की त्याचं त्याला फार लागून राहतं.

कोणाची नजर गेल्याचं दवाखान्याकडून कळलं की आम्ही दोघी घरी जातो. बाई काठी मापून देतात, ठिपके लावतात, घरातल्या घरात चालायला शिकवतात. निघायच्या आधी घरातलं जे कोणी असेल त्याला म्हणतात, "चहा टाकता का जरा?" बाईंना चहा मुळीच आवडत नाही. माणूस आत गेला की त्या खुर्ची पुढे ओढतात आणि हळू आवाजात विचारतात, "नसलेलं काही दिसतं का?"

ऑफिसात आम्ही याला चहाचा प्रश्न म्हणतो. पुष्कळ जण सरळ नाही म्हणतात. काही जण मात्र आधी स्वयंपाकघराकडे कान देतात, आतून भांड्यांचा आवाज येतोय ना याची खात्री करतात, आणि मग बांध फुटल्यासारखे बोलायला लागतात. एकीला छतावर जाळ्या दिसायच्या. एका निवृत्त इंजिनिअरला जेवणाच्या टेबलावर टोपीवाली बोटभर माणसं दिसायची आणि तो बिचारा त्यांना धक्का लागू नये म्हणून ताट कडेला घेऊन जेवायचा. कोणी कोणाला सांगितलेलं नसतं. आंधळं म्हणून जगणं जड असतंच, त्यात वेडं ठरायची हौस कोणाला?

बाई त्यांना समजावतात, "डोळ्यांकडून बातम्या यायच्या थांबल्या की मेंदू घरचंच छापायला लागतो. पेपर रिकामा कसा ठेवणार? वेड नाही हे. नुसता भास." मग तीन खुणा सांगतात. भास आवाज करत नाही. भासाला वास नसतो. नजर भराभर डावी-उजवीकडे फिरवली की बहुतेक वेळा तो विरतो. शेवटी म्हणतात, "त्याला घाबरू नका, त्याच्याशी भांडू नका आणि त्याला चहा विचारू नका." इथे माणूस हसतो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसलेला असतो तो.

हे सगळं बाई पुस्तकातून शिकलेल्या नाहीत. त्यांना स्वतःला कपाटाशेजारी बारीक रेघांच्या कोटातला एक माणूस दिसायचा. त्या बहिणीकडे राहतात, आणि अकरा महिने त्यांनी बहिणीला कळू दिलं नाही, फक्त त्या जागेला वळसा घालून चालायच्या. शेवटी डॉक्टरांना धीर करून सांगितलं, तर ते म्हणाले, "होतं असं काही जणांना," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडल्या. एका वाक्याचं काम होतं आणि त्यासाठी त्यांनी अकरा महिने मरणाची भीती बाळगली होती. हे मला सांगतानासुद्धा त्यांचा आवाज बदलला. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की हा प्रश्न कोणालाही विचारायचा राहू द्यायचा नाही.

प्रश्नाला त्यांनी स्वतःची एक शेपटी जोडली आहे. "कपड्यांचा रंग कुठला?" खरं सांगायचं तर ही त्यांची हौस. भासातले रंग फार सुरेख असतात म्हणे. खरं जग धुरकट झालेलं असतं, पण हे नसलेले पाहुणे लख्ख दिसतात, शिवणीसकट. लोक रंग सांगतात, बाई खोदून खोदून विचारतात, आणि मी कार्डावर लिहिते: लिंबाच्या सालीचा हिरवा, ओल्या विटेचा लाल. बिनपगारी शेड जुळवणं चालू आहे, असं मी चिडवते.

बाइंडरकाका आमच्याकडे आले ते मागच्या वर्षी. म्हणजे आम्हीच गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि पडदा लावलेलं स्वयंपाकघर. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर पुस्तकं बांधलेली, बोटांना अजून खळीचा वास. दोन्ही डोळ्यांना उजेड आणि सावल्या, एवढंच उरलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एक पुतण्या होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, एका कंपनीत गोदाम सांभाळणारा. किल्ली त्याच्याकडे असायची. त्या दिवशी तोही हजर होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"काकांना तुमच्या वसतिगृहात घ्या," तो म्हणाला. "रात्री-अपरात्री पडले तर?"

"मी मेल्यावर ने," काका म्हणाले. "तोवर हे घर माझं आणि मी या घराचा. बाई, मला फक्त एकटं राहता यायला पाहिजे. एवढं शिकवाल का?"

"शिकवते," बाई म्हणाल्या. "मी आहे तोवर तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही."

असं वचन द्यायची संस्थेत पद्धत नाही. मी बाईंकडे डोळे वटारले, पण त्याचा काय उपयोग? मग बाईंनी पुतण्याला चहा टाकायला सांगितलं, तो पडद्यामागे गेला, आणि बाईंनी प्रश्न विचारला.

काका एकदम कुजबुजायला लागले. पलंगावर एक बाई येऊन बसते, डोक्यावर पिसांची टोपी, अंगात मरून झगा. कसला मरून? जाड वह्यांच्या पाठीला लावतात त्या कापडाचा, पण नवं कापड, हात न लागलेलं. बाई खूष झाल्या. दोघं दहा मिनिटं मरूनवर बोलत होते. मग बाईंनी तीन खुणा सांगितल्या आणि काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला आठवतंय, आत भांड्यांचा आवाज बराच वेळ बंद होता. चहा केव्हाच झाला असणार. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

सहा महिने सगळं छान चाललं. काका काठीने घरभर फिरायला लागले, शेगडी स्वतः लावायला लागले. आम्ही त्यांना गळ्यात अडकवायचा फोन दिला, त्याचा स्पीकर कायम चालू. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा आणि सगळ्या इमारतीच्या बातम्या कळायच्या, कारण काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. खालच्या मजल्यावर कोणाचं कोणाशी बिनसलंय ते त्या दोघांच्या आधी आम्हाला ठाऊक असायचं. जिन्याचा सराव तेवढा राहिला होता. एकट्याने खाली उतरायचं म्हटलं की काकांचा गुडघा दुखायचा.

मग एका सोमवारी काका म्हणाले, "बाई, नवीन एक आलाय. पुरुष आहे. उंच. बोलत नाही, नुसता उभा राहतो नाहीतर बसतो."

त्या दिवशी ऑफिसात देणगीदारांचा फोटोचा कार्यक्रम होता. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी जमली होती आणि बाईंना फोटोत उभं करायला दोघं जण ओढत होते. "तोही त्यातलाच, काका," बाई घाईने म्हणाल्या. "आवाज नाही ना? वास नाही ना? मग घाबरायचं नाही."

"घाबरलो होतो थोडा."

"नका घाबरू."

"बरं," काका म्हणाले.

दोन आठवड्यांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो. जायच्या आधी फोन केलाच होता. काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बाईंना विचारलं, "भास बसून उठला की खुर्ची गरम राहते का?"

"म्हणजे?"

"खिडकीजवळची खुर्ची. आत्ता तुम्ही यायच्या आधी तिच्यावर बसलो. गरम होती."

"ऊन येत असेल तिथे," बाई म्हणाल्या.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती, शेवाळलेली. त्या खुर्चीवर वर्षातून एक दिवससुद्धा ऊन पडत नसणार. बाईंना हे दिसणं शक्य नव्हतं आणि काकांना तर नाहीच. तिघांत डोळे माझ्या एकटीचे होते. पण बाई या विषयातल्या मोठ्या, पुढच्या घरी जायला उशीर झालेला, आणि मी काय म्हणणार होते? की भुताने खुर्ची तापवली? मी किल्ल्या खुळखुळवल्या आणि म्हटलं, "चला बाई."

त्यानंतर काका नव्या पाहुण्याबद्दल आपणहून बोलेनासे झाले. विचारलं की म्हणायचे, "आहे. सकाळी येतो, संध्याकाळी नसतो. नोकरीवर असल्यासारखा." आणि हसायचे. ते हसणं ऐकवत नव्हतं. बातम्या आटल्या. एकदा म्हणाले, "नजर फिरवली तरी जात नाही हो हा." बाई म्हणाल्या, काही काही चिवट असतात.

तो दिवस नीट आठवतो. सकाळचे अकरा. वर्षाचा अहवाल करायचा होता, म्हणून मी कार्डं वाचत होते आणि बाई ऐकत होत्या. बाइंडरकाकांचं कार्ड आलं. "पहिली पाहुणी, मरून, बाइंडिंगचं नवं कापड. दुसरा पाहुणा, पुरुष, उंच. रंग..." मी थांबले. "रंग रिकामा आहे."

"असं कसं होईल?"

"तुम्ही विचारलाच नाही. फोटोचा दिवस होता तो."

बाईंनी कपाळाला हात लावला, आणि लगेच स्वतःचा मोबाइल स्पीकरवर टाकून काकांना फोन केला. त्यांना अहवालाची काळजी नव्हती. एक रंग राहून गेला याचीच त्यांना चुटपुट लागली होती.

"काका, तो नवीन पाहुणा आहे का आत्ता?"

"आहे ना. स्वयंपाकघराच्या दारात. मघापासून उभाय."

"कपडे कसल्या रंगाचे?"

"रंग नाही हो बाई. मळकट आहे सगळा. नाकडोळे पण नाहीत नीट. तुम्ही दोघी आलात की तुम्ही कशा दिसता मला, तसाच."

बाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की चार दिवस वळ होता. मला कळायला क्षणभर लागला. भास लख्ख दिसतात. धूसर दिसतात ती माणसं.

आणि फोन काकांच्या गळ्यात होता, स्पीकर चालू. दारात जो कोणी उभा होता त्याने प्रश्न ऐकला होता आणि उत्तरही.

बाईंचा आवाज जराही हलला नाही. "बरं बरं. तोही त्यातलाच. लक्षच नका देऊ. काका, आज आपला जिन्याचा सराव. मी खालीच येऊन थांबलेय गाडीत. घ्या बघू काठी."

आम्ही गाडीपासून अजून एक जिना लांब होतो. बाईंनी फोनवर तळवा दाबला, मी काकांचं कार्ड घेऊन खाली धावले आणि औषधवाल्याला सांगितलं, पोलिसांना हा पत्ता दे. गाडी सुरू होईपर्यंत काका कुरकुरत होते.

"आज नको बाई. गुडघा ठणकतोय."

"तो रोजच ठणकतो. उठा."

"तुम्हीच वर या की. चहा घेऊ."

"चहा खाली उतरल्यावर. उठलात का?"

"उठलो." काठीचा ठक असा आवाज. मग काका म्हणाले, "बाई, तो हलला."

"हलू दे."

"इकडेच येतोय."

मी लाल दिवा तोडला. बाई खिडकीकडे तोंड करून, अगदी रोजच्यासारख्या म्हणाल्या, "येऊ दे हो. तुम्ही दाराकडे चला. काठी डावीकडे, पाय उजवा."

"थांबला. बाजूला सरकला," काका म्हणाले. मग आश्चर्याने म्हणाले, "मला वाट दिली त्याने."

दार उघडल्याचा आवाज आला. मग जिना. बाई मोजायला लावत होत्या आणि काका मोजत होते, एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्याला काठी आणि एक सुस्कारा. त्या माणसाने त्या क्षणी काकांना नुसतं एक बोट लावलं असतं, तर पुढचं आम्ही फोनवरच ऐकलं असतं. माझी पाचावर धारण बसली होती. अठराला एक मजला उतरून झाला. बावीस, तेवीस. बाईंनी फोन कानाशी नेला आणि माझ्यासमोर दोन बोटं धरली. मी न कळून बघितलं, तर त्यांनी ओठांनीच सांगितलं: दोघं उतरतायत.

एकतिसाव्या पायरीवर काका थांबले.

"बाई, भासाला श्वास असतो का?"

बाईंनी डोळे मिटले.

"माझ्या मानेवर कोणीतरी श्वास सोडतंय."

"जिन्यात वारा असतो, काका," बाई म्हणाल्या. "मोजा. बत्तीस." आजवर त्यांनी जे सांगितलं ते खरं समजून सांगितलं होतं. हे मात्र त्या जाणूनबुजून खोटं बोलल्या.

मी गाडी तशीच रस्त्यात सोडली आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर धावले. पहिल्या मजल्याच्या वळणावर काका दिसले, घामाने डबडबलेले, काठी पुढे. त्यांच्यामागे दोन पायऱ्या सोडून एक माणूस होता. पायात नुसते मोजे. दोन्ही हात पुढे केलेले, काकांच्या खांद्यांपासून इंचभर लांब, न टेकवता. ते पडले असते तर त्याने झेललं असतं. मी हे सगळं पाहिलं आणि तरी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, कारण तोपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सोडा, सोडा," तो म्हणाला, "आधी त्यांना धरा, पडतील ते!"

काकांनी मान वळवली. "तू?"

पुतण्याच होता तो. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. कंपनी बंद होऊन तीन महिने झाले होते. बायकोला सांगायची हिंमत नव्हती. रोज सकाळी इस्त्री करून, डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसायचा. बागेत ओळखीचे भेटायला लागले, तेव्हा काकांची किल्ली आठवली. हळूच दार उघडायचं, बूट काढायचे, दिवसभर बसायचं, डबा गच्चीवर जाऊन खायचा.

"अरे, मला सांगायचंस," काका म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिला कळलं असतं."

काकांनी काठी पायरीवर टेकवली.

"आणि तुम्हाला काही त्रास नव्हता," पुतण्या म्हणाला. मग त्याने बाईंकडे पाहिलं. त्या कठडा धरत धरत नुकत्याच वर आल्या होत्या. "बाईंनीच सांगितलं होतं ना त्या दिवशी. आवाज नाही, वास नाही, म्हणजे भास. मी चहा करत होतो तेव्हा. मी साबणसुद्धा बदलला."

बाई कठड्याला टेकल्या.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"पाच आठवडे."

"मी अंघोळ करून उघडाच बाहेर येतो, तेव्हा?"

पुतण्या मोजे वर ओढायला लागला.

"काकूच्या फोटोशी बोलत होतो, तेव्हा होतास?"

"होतो," तो म्हणाला.

पोलिस आले तेव्हा काकांनीच त्यांना घरचं माणूस आहे म्हणून परत पाठवलं. पुतण्याने त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने घर डोक्यावर घेतलं, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्यासाठी काम शोधायला लागली. म्हणजे तिकडचं निभावलं.

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून खोक्यातलं एकेक कार्ड काढून फोन करायला घेतले. त्रेचाळीस माणसं. प्रत्येकाला विचारत होत्या, पाहुणा लख्ख दिसतो की धूसर, आणि तीन खुणांच्या जोडीला चौथी सांगत होत्या: हात पुढे करून बघा. घाबरू नका, हे मात्र त्या आता कोणालाच म्हणत नाहीत. मी एकदा म्हटलं, बाई, त्रेचाळीसपैकी बेचाळीस जणांचं तुम्ही भलंच केलंत. त्या माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "काका पहिल्या दिवशी घाबरले होते. बरोबर घाबरले होते. त्या माणसाची शेवटची शाबूत वस्तू होती ती भीती, आणि मी काढून घेतली." खुर्चीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

महिन्याने काकांनी बोलावलं. दाराला नवं कुलूप होतं. काका भिंतीला पाठ लावून बसले होते आणि काठी मांडीवर आडवी धरली होती.

"कुलूप बदललंय, काका," बाई म्हणाल्या. "किल्ली फक्त तुमच्याकडे. आता कोणी येत नाही."

"ते मला कळतं, बाई. पण ती टोपीवाली अजून येते. इतरही येतात. तुम्ही सांगितलंत तसा उठतो, हात पुढे करतो. हात हवेत जातो. आणि दर वेळी वाटतं, तो जरासा मागे सरकला."

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"एकटं राहायचं तर घर रिकामं पाहिजे," काका म्हणाले. "हे आता रिकामं होत नाही. तुमच्या वसतिगृहात किती जण असतात एका खोलीत?"

"आठ."

"आठ खरे?"

"खरे," बाई म्हणाल्या.

"मग तिथे न्या मला."

बाईंना फॉर्मवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तो मी भरला. नाव, वय, धंदा, दृष्टी किती. मधे एक रकाना होता, सध्या सोबत कोण राहतं. मी म्हटलं, "एकटे, असंच लिहू ना काका?" काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड वळवलं आणि हात पुढे केला.